हात पुढे करा

"आता सर्वांनी उजवा हात पुढे करा," आकांक्षा मॅडम माइकवर म्हणाल्या, आणि अमरावतीच्या त्या थंडगार सभागृहातले झाडून सगळे हात पुढे झाले. पोलिसांचे झाले, मुख्याध्यापकांचे झाले, औषध दुकानदारांच्या संघटनेचे झाले, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी बसल्या बसल्याच केले. मायाचा झाला नाही. ती तर मंचावर, सगळ्यांच्या समोर उभी होती. शपथ तिनेच सांगायची होती आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायची होती. डाव्या हातात शपथेचा कागद होता. उजवा हात निऱ्यांपाशी लोंबत होता. आधी तिला वाटलं खांदा आखडला असेल, अकोल्याहून येताना एसटीत आपण समोरचा दांडा धरून बसलो होतो ना. तिने मनातल्या मनात हाताला हाक मारली. हात आला नाही. आपलीच वस्तू आपलं ऐकत नाही म्हटल्यावर माणूस जसा ओशाळतो तशी ती ओशाळली, आणि आपण हसतो आहोत असं दिसावं म्हणून जरा हसली.

तसं पाहिलं तर वाक्यं दोनच होती. मी कोणतेही व्यसन करणार नाही. आणि व्यसन करणाऱ्याला थारा देणार नाही. पहिल्या वाक्याशी मायाचं काही भांडण नव्हतं. ते जड जायचं तर समोरच्या निम्म्या सभेला जावं, कारण सकाळपासून फाटकाजवळच्या कुंडीत लोकांनी तंबाखू-सुपारीचा इतका खर्रा थुंकला होता की त्यातलं झाड लाल झालं होतं. तिच्यासोबत अकोल्याहून आलेल्या म्हाताऱ्या नत्थुजींनीसुद्धा तिथेच चूळ भरली होती. "व्यसनमुक्तीच्या सभेले तोंड साफ पायजे," म्हणाले होते, आणि उरलेल्या खर्र्याची पन्नी नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवली होती. आता ते तिसऱ्या रांगेत टोपी सारखी करून बसले होते. त्यांचा हात पुढे होता, आणि त्या काळ्या, ताठ बोटांकडे पाहताना मायाला कळलं की घोडं दुसऱ्या वाक्यात अडलं आहे.

हे वाक्य तिला नवीन नव्हतं. मुंबईच्या संस्थेने अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या वस्त्यांना पैसे द्यायचं ठरवलं तेव्हा त्यांची अट एकच होती: एकट्यादुकट्याने येऊ नका, वस्तीची आघाडी करून या. शाळा, पोलीस, डॉक्टर, दुकानदार, आया, सगळे एका सतरंजीवर. मायाने ती करून दाखवली होती. वीज कंपनीच्या कार्यालयात बिलांवरून लोकांच्या शिव्या खाण्यात तिची उमर गेली होती, त्यामुळे कोणाच्याही दारात जाऊन उभं राहायची तिला लाज वाटत नव्हती. बुद्धविहारातल्या बाया आल्या, माळी आले, कुणबी आले, मशिदीजवळचे डॉक्टर आले. आणि मग ती खोली झाली. बंद पडलेल्या रेशन दुकानाची खोली, एक कॅरम, एक माठ, एक सतरंजी. संध्याकाळी वस्तीतली तरुण पोरं, पोट्टे येत. नशा केलेले येत, न केलेले येत. दारात कोणी काही विचारायचं नाही, हा एवढाच नियम. पण घरमालक नितेशला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, आणि वर्षाचं भाडं एकदम मिळालं तरच तो थांबणार होता. तेव्हा हे अनुदान पाहिजेच होतं. संस्थेने त्याला शिस्त जोडली होती: खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने शपथ घ्यायची, जो मोडेल त्याला पुन्हा आत घ्यायचं नाही. संस्थेच्या आकांक्षा मॅडमनी हे फोनवर फार गोड आवाजात समजावलं होतं आणि मायाने, खोटं कशाला बोला, "चालेल" म्हटलं होतं. पैशाचं काम म्हटलं की माणूस आधी चालेल म्हणतो आणि मग चालून पाहतो.

कालपर्यंत चालत होतं. आज पहाटे नळाला पाणी आलं म्हणून ती उठली तेव्हा अश्विन स्वयंपाकघरात उभा राहून साखर खात होता. डब्यातून मूठ भरून, लहान पोरासारखी. चोवीस वर्षांचा तिचा मुलगा. तिने दिवा लावला नाही. त्याने नाक खाजवलं, एकदा, मग पुन्हा, हळूहळू, आपल्या नाही कोणा दुसऱ्याच्या नाकाला हात लावावा तसं. एवढ्यानं तिला कळलं. खोकल्याच्या औषधाची बाटली असेल, नाहीतर गोळ्या. पावसाळ्यापासून त्याने काही घेतलं नव्हतं. खोलीत रोज यायचा, कॅरममध्ये सगळ्यांना हरवायचा, सतरंजी झटकून घडी घालायचा. "झोपला नाईस?" तिने विचारलं. "जाग आली." मग तिने काही विचारलं नव्हतं, तरी तोच म्हणाला, "आई, तुही शप्पथ, मी काही नाई घेतलं." आणि गार, चिकट हात तिच्या डोक्यावर ठेवला. हाताला साखर लागलेली होती. तिने एसटीत वेणीवरून बोटं फिरवली तेव्हाही ती कचकच लागत होती.

शप्पथ! या घरात शपथेचा काय तोटा होता? मायाने मुलाला पहिल्यांदा धरलं तेव्हा तिने ना डॉक्टर पाहिला ना पोलीस, तिने त्याला बापाच्या फोटोसमोर उभं केलं आणि म्हटलं, घे शपथ. तिच्या आईने तिच्या भावाला दारूसाठी हेच केलं होतं, शेजारच्या चतुराबाईने नवऱ्याला हेच केलं होतं, अख्ख्या वऱ्हाडात बाप आणि आया हेच करत होत्या. कोणी पोराला शेगावला नेऊन समाधीवर हात ठेवायला लावत होतं, कोणी तुळशीचं पान तोंडात देत होतं, कोणी कुराणावर. मायाने अश्विनला विहारात नेलं. नशा न करण्याचं पाचवं शील त्याला पाठ होतं, लहानपणी रविवारी तोच खणखणीत आवाजात सांगायचा आणि म्हाताऱ्या बाया कौतुकाने मान डोलवायच्या. तरी तिने वेगळी शपथ घ्यायला लावली. मग नागपूरला, दीक्षाभूमीवर. दसऱ्याची ती गर्दी, निळे झेंडे, धुरळा, पायात पाय. अश्विन रडला होता, खरंखुरं रडला होता, हुंदके देऊन, आणि तिलाही रडू आलं होतं, आणि परतीच्या गाडीत धामणगावच्या आधी तो संडासात गेला तो बडनेरा येईपर्यंत बाहेर आला नाही. ती दाराशी उभी होती. लोक म्हणत होते, बाई, सरका. ती सरकली नाही. दार उघडलं तेव्हा तो हसत होता, आणि तिला पाहिल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, तुही शप्पथ.

तेव्हा तिला वाटलं, पोरगा खोटारडा आहे. शपथेला मान नाही, आईला नाही, बाबासाहेबांच्या भूमीला नाही. तिने त्याला गाडीतच मारलं होतं. पण दोष कुठे आहे हे तिला गजेंद्रच्या मातीला कळलं. गजेंद्र म्हणजे नत्थुजींचा नातू. तेल्हाऱ्याकडचं चांगलं काळ्या जमिनीचं घर, पोरगा अकोल्यात शिकायला आजोबांजवळ, आणि अश्विनचा दोस्त. गजेंद्रने शेगावला शपथ घेतली होती, सगळ्या भावकीसमोर, नवे कपडे घालून. घरात पुरणपोळी झाली होती. त्यानंतर त्याचं नाव झालं. पाहा, गजूने सोडलं म्हणून सोडलं. आता असा नाव झालेला पोरगा कोणाला सांगेल की मला पुन्हा वाटतंय? पहिले तो चौघांत बसून घ्यायचा. काही झालं तर कोणी पाणी मारणारा, ओरडणारा असायचा. शपथेनंतर तो एकटा घेऊ लागला. तेल्हाऱ्याला, कडब्या-कुटाराच्या खोलीत, आतून कडी लावून. दार कुऱ्हाडीने फोडावं लागलं. नत्थुजी मातीत बसून एकच म्हणत होते, त्यानं त शपथ घेतली होती, शपथ घेतली होती ना त्यानं, आणि गावाला सांगितलं गेलं की अटॅक आला. बायांच्या घोळक्यात बसून माया त्या फुटलेल्या दाराकडे पाहत राहिली होती. कडी तशीच होती. फळ्या फुटल्या होत्या आणि कडी लागलेलीच होती, आणि मायाला इतका राग आला होता की तिला तिथे रडता आलं नाही. ती खोली, तो कॅरम, दारात न विचारायचा नियम, सगळं त्या रागातून निघालं होतं, दयेतून नव्हे. लोक तिला उगाच मायाळू म्हणत.

"माया ताई," आकांक्षा मॅडम माइक बाजूला करून हळूच म्हणाल्या, "घ्या ना सुरू. सगळे थांबलेत." पोरगी भली होती. मुंबईहून आली होती, सकाळपासून उभी होती, तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तिने तो पिनने धरला होता. मायाला तिची कीव आली. पुढे झालेले हात आता खाली येऊ की नको असे झाले होते. एका पाहुण्याने हात बदलला. वाक्य म्हणून टाकावं, माया म्हणाली स्वतःला. शब्दच आहेत. एसटीत नत्थुजीही हेच म्हणाले होते: "म्हणून टाकजो वं बाई. शब्दानं का अंगाले भोकं पडते? खोली वाचते." म्हणून टाकलं तर आज खोली वाचेल. आणि संध्याकाळी त्या वाचलेल्या खोलीच्या दारात अश्विन येईल, साखरेच्या चिकट हाताने, नाक खाजवत, आणि त्याला तिने म्हणायचं, तू मोडलीस, जा. तो जाईल. तो फार गुणाचा पोरगा आहे, जा म्हटलं की जाईल. अकोल्यात कडी लावायला खोल्या काय कमी आहेत?

तिने कागद डायसवर ठेवला आणि माइक ओढून घेतला. "मी हे म्हणणार नाही," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. "माझा मुलगा अश्विन. तो गोळ्या घेतो, बाटली घेतो. पावसाळ्यापासून सुटली होती. आज पहाटे त्याने परत घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की घेतली नाही." सभागृहात कोणी खोकलं. पहिल्या रांगेतले संस्थेचे संचालक पुढे वाकले आणि समजूतदारपणे हसले. "ताई, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो. पण म्हणूनच तर शपथ. समाजापुढे घेतली की बळ येतं." तिथे मायाची कार्यालयातली मराठी संपली. "बळ नाई येत, साहेब! लाज येते. लाज आली का पोट्टा लपते. लपला का मरते. आमच्यातला एक असाच गेला. तुमी म्हणता थारा देऊ नका. मंग त्यायनं जाव कुठं? माहा पोरगा आज संध्याकाळी खोलीवर येईन, अन् मी त्याले थारा देईन. उद्या घेऊन आला त उद्याही देईन. शंभर खेपा आला त शंभर खेपा देईन. तुमचे पैसे पायजेत मले. खोटं काहून बोलू, बम, लय पायजेत. तुमची ही ओळ नोको."

"मग तुमच्या आघाडीचा विचार आम्हाला पुन्हा करावा लागेल," संचालक म्हणाले. हसू तसंच होतं.

"करा ना," माया म्हणाली. "आमी कुठं पळून राहिलो."

कोणी टाळी वाजवली नाही. बरं झालं, तिला टाळी सोसवली नसती. आकांक्षा मॅडमनी माइक घेतला, कागद घेतला, आणि शपथ त्यांनीच सांगितली. त्यांच्यामागे सभागृह घुमलं, थारा देणार नाही, देणार नाही, आणि माया पायऱ्या उतरून मधल्या वाटेने चालत बाहेर आली. आत कुठेतरी खूप वर्षांनी जेवल्यासारखं वाटत होतं. शाळेत असताना तिने मास्तरांना एकदा उलट उत्तर दिलं होतं, मागे बसायला सांगितलं म्हणून. वडील बुधाजी तेव्हा तिच्यावर ओरडले होते आणि मग अंगणात जाऊन एकटेच हसले होते. ते हसणं तिला आता फाटकापाशी ऐकू आल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं तसे नत्थुजी फाडकन बोलले. "माजली तू."

"हो, काकाजी."

"हातचं घालवलं. आता त्या नितेशले काय सांगशीन? दुकान टाकीन तो उद्याच."

"टाकू द्या."

त्यांनी पन्नी काढली, खर्रा घोटायला घेतला, घोटत राहिले, आणि तोंडात न टाकता तशीच मुठीत धरली. बाहेर कापसाची शेतं मागे जात होती, वेचणीला आलेली, बाया वाकलेल्या. "मी एक इचारतो स्वतःले," ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "गजूनं येऊन मले सांगतलं असतं, का आबाजी, मी परत घेतली, त मी काय केलं असतं? जोड्यानं हानलं असतं. बस, हेच केलं असतं. त्याले हे मालूम होतं." सांत्वन करायची मायाला चीड होती आणि त्यांनी ते मागितलंही नव्हतं. बोरगाव गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "खोली गेली त माह्या ओसरीवर बसवू पोट्ट्यायले. सुनेले आवडनार नाई. नाई आवडलं त नाई आवडलं."

अकोल्याला उतरल्यावर ती घरी गेलीच नाही, सरळ खोलीवर गेली. कुलूप काढलं, माठ भरला, सतरंजी घातली. पोट्टे एकेक करून आले आणि तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करू लागले, तेव्हा तिला समजलं की सभेतला व्हिडिओ तिच्या एसटीच्या आधी पोचला आहे. अश्विन आला नव्हता. साडेसहा झाले, सात वाजायला आले. आता मात्र सगळा ताठा उतरला आणि तिला नुसती भीती वाटू लागली. भर सभेत पोराचं नाव घेतलं आपण. शपथेने जी लाज आणली असती तीच आपण आणली नाही कशावरून? त्याने कुठे कडी लावली असेल तर? तिने फोन लावला, वाजत राहिला. नत्थुजी कॅरमच्या बाजूला बसून उगाच सोंगट्या रचत होते. ती उठून दारात गेली, आणि तो समोरच्या विजेच्या खांबाला टेकून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"भर सभेत सांगतलं तू," अश्विन तिथूनच म्हणाला.

"हो."

"माह्या नावानं."

"तुह्याच नावानं. दुसऱ्याचा पोरगा कुठून आणू सांगाले?"

"आता सारे हासतीन मले."

"हासू दे. हासून हासून किती हासतीन?" तिचा आवाज फाटला, पण तिने तो सावरला नाही. "मले राग येईन, अश्विन. मी रडीन, बोंबलीन, तुले एखांदी ठेवून देईन. पन जा म्हननार नाई. हे मी माइकवर बोलली, आता मले मागं फिरता येत नाई."

तो रस्ता ओलांडून आला आणि पायरीशी थांबला. डोळे लाल होते. आत सगळे पोट्टे एकदम कॅरममध्ये गर्क झाले. अश्विनने नेहमीसारखा हात उचलला, तिच्या डोक्याच्या दिशेने, आणि मध्येच थांबला. हात खाली आला. तो चपलांकडे पाहत होता.

"दुपारी घेतली मी," तो म्हणाला. "व्हिडिओ पायला, अन् घेतली. सकाळीही घेतली होती."

इतक्या वर्षांत पोराने तिला सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि दोन्ही राहून गेलं.

"एकलाच होता?"

"हो."

"आता घ्यावीशी वाटली त आधी इथं येऊन बसजो," माया म्हणाली. "चपला काढ. चल, आत ये."